तुम्ही विचारलंत म्हणून : पोकरवर घर चालतं का?

मी परभणीत अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवतो. संभाव्यता हा माझा आवडता भाग, त्यामुळे हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडे येतो. "सर, आमचं लेकरू म्हणतंय पोकरमध्ये करिअर आहे. पत्त्यावर कुणाचं घर चालतं का हो?" विचारणारे बहुतेक वडील असतात आणि आवाज खाली आणून विचारतात. आपल्याकडे पत्ते म्हटले की तिर्रट आठवतो, आणि तिर्रट म्हटला की पोलिसांची धाड.

मुलाचं म्हणणं मी आधी ऐकून घेतो, कारण त्यात तथ्य असतं. पोकरमध्ये कौशल्य आहे, आणि ते खरं कौशल्य आहे. टेक्सस होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात, मध्ये टप्प्याटप्प्याने पाच पत्ते उघडतात आणि पैसे लावायच्या चार फेऱ्या होतात. समजा चार पत्ते उघडलेत. त्यांत दोन बदाम आहेत, तुमच्या हातात दोन बदाम आहेत. शेवटचा पत्ता बदाम आला तर पाच बदाम जमतात आणि डाव तुमचा. मध्ये १००० रुपये आहेत आणि समोरच्याने ५०० लावले. आता १५०० जिंकण्यासाठी तुम्हाला ५०० टाकायचेत, म्हणजे चारांत एकदा तरी जिंकायला हवं. न दिसलेले पत्ते ४६, त्यांत बदाम ९. म्हणजे पाचांत एकदासुद्धा पुरतं नाही. पुढेही बरेच पैसे मिळतील अशी खात्री नसेल, तर पत्ते टाकून द्यायचे. नवखा माणूस "बघू तरी" म्हणून पैसे टाकतो. व्यावसायिक खेळाडू टाकत नाही, आणि भरल्या टेबलावर तर तो बहुतेक डाव सुरुवातीलाच सोडून देतो. हा संयम वर्गात शिकवून येत नाही, मला त्याचं मनापासून कौतुक आहे.

पण खेळ येणं वेगळं आणि त्यावर महिन्याचा किराणा भरणं वेगळं. माझं सगळं म्हणणं इथंच आहे.

दोन एक्के हातात येणं ही सर्वांत चांगली सुरुवात, ती सरासरी २२१ डावांत एकदा मिळते. समोर दोन राजे असले तरी शंभरांत साधारण १८ वेळा राजेच जिंकतात. तुम्ही काहीही चुकलेलं नसता. मोठ्या स्पर्धांत साधारण १५ टक्के खेळाडूंनाच बक्षीस मिळतं, म्हणजे उत्तम खेळाडूसुद्धा बहुतेक स्पर्धांतून हात हलवत परततो. असे महिनेच्या महिने जाऊ शकतात. कोरडवाहू शेती करणाऱ्या बापाला हे समजावून सांगावं लागत नाही. बी चांगलं, पेरणी वेळेवर, आणि ऐन फुलोऱ्यात पावसाचा खंड. फरक इतकाच की शेतकऱ्याची जमीन तरी जागेवर राहते. खेळाडूची जमीन म्हणजे त्याचं भांडवल, आणि वाईट काळात आधी तेच जातं. म्हणून जाणते खेळाडू घरखर्चाचे पैसे आणि खेळाचे पैसे कधीच एकत्र ठेवत नाहीत.

पोरं मला अमेरिकेच्या ख्रिस मनीमेकरचं उदाहरण देतात. हिशेबनीस माणूस, ऑनलाइन पात्रता स्पर्धा जिंकून २००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या पोकरच्या सर्वांत नावाजलेल्या स्पर्धेत गेला आणि ८३९ जणांत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन आला. आपल्याकडच्या निकिता लूथरनेही २०१८ मध्ये तिथलं ब्रेसलेट, म्हणजे विजेत्याला मिळणारं मानाचं कडं, जिंकलं. हे सगळं खरं आहे. पण ते बक्षीस कुठं पिकलेलं नसतं. ते बाकीच्या खेळाडूंनी भरलेल्या प्रवेश शुल्कातून येतं, आणि आयोजक आपला वाटा आधी काढून घेतो. सगळ्यांची बेरीज नेहमी उणेच असते. त्यात जिंकलेल्या निव्वळ रकमेवर ३० टक्के कर, आणि ऑनलाइन खेळातला यंदाचा तोटा पुढच्या वर्षीच्या कमाईतून वजा होत नाही.

आता कायदा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ त्याने बंद केले, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. महाराष्ट्रात कॅसिनो नाही. १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला. राहिली गोवा, सिक्कीम अशी मोजकी ठिकाणं, नाहीतर परदेश. परभणीच्या खोलीत बसून मोबाइलवर पोट भरायचा जो रस्ता पोरं सांगतात, तो उरलेला नाही. बाहेरदेशीच्या ॲपवर लपून खेळता येतं असं कुणी सांगितलं तर मी स्पष्ट सांगतो, नको. तिथं पैसे अडकले तर दाद मागायची कुणाकडे?

तरीही वडिलांना माझी विनंती असते, लेकराला जुगारी म्हणू नका. लातूर पॅटर्नच्या या मुलखात हुशार पोरापुढे नीट आणि जेईई असे दोनच दरवाजे ठेवलेले असतात. अनिश्चिततेत हिशेब करायला आवडणारं डोकं त्या दोन्हींत गुदमरतं, मग ते पत्त्यांकडे वळतं. त्या डोक्याला जागा आहे. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बारावीनंतर बी.स्टॅट. आहे. विमा कंपन्यांना जोखीम मोजून देणाऱ्या ॲक्च्युअरीच्या परीक्षा आहेत, त्यांची प्रवेश परीक्षासुद्धा बारावीनंतर देता येते. अवघड आहेत, वर्षं लागतात, पण पगार दर महिन्याला येतो.

तेव्हा पोराला घेऊन या. त्याने डावांचा हिशेब वहीत ठेवला असेल तर ती वहीही आणा, ती मला आधी बघायची आहे. रविवारी सकाळी मी घरीच असतो.