पान ९६ नंतर परत पान ८१

परवा कपाट आवरायला काढलं आणि दुसऱ्याच कप्प्यात ती जाडजूड कादंबरी हाताला लागली, मग कसलं आवरणं, तिथेच फरशीवर मांडी घालून बसले. त्या पुस्तकाची गोष्ट आज सांगतेच.

४ वर्षांपूर्वी भाच्याची बारावीची पुस्तकं आणायला अप्पा बळवंत चौकात गेले होते. तिथे जाऊन फक्त यादीतली पुस्तकं घेऊन परत येणारा माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही. जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात तळाशी ही होती, ६० रुपये. आधी वास घेतला, तो तर घ्यायचाच असतो. जुन्या कागदातलं लिग्निन वर्षानुवर्षं हळूहळू मोडत जातं, त्यातून जे काय बाहेर पडतं त्यात थोडं व्हॅनिलिनही असतं, म्हणजे व्हॅनिलाच्या वासातलं मुख्य द्रव्य तेच, म्हणून तो गोडसर वास येतो. पहिल्या पानावर निळ्या शाईत 'शुभविवाहाप्रीत्यर्थ सप्रेम भेट' आणि मध्येच कुठेतरी पीएमटीच्या बसचं तिकीट. मला असली पुस्तकं कोऱ्यापेक्षा जास्त आवडतात, आपल्या आधी कुणीतरी इथे थांबलं होतं हे कळतं.

तर रात्री वाचायला घेतली. पान ९६ वर नायिका स्टेशनवर उभी, हातात न फोडलेलं पत्र, वाक्य अर्धवट, पान उलटलं तर बाई परत स्वयंपाकघरात! बघते तर पान ८१. पुस्तक १६-१६ पानांच्या फॉर्म्यांचं असतं ना, मोठ्या कागदाच्या एका बाजूला ८ आणि दुसऱ्या बाजूला ८ पानं छापतात आणि तीन घड्या घालतात की झाला एक फॉर्मा. बांधताना क्रमाने एकेक उचलायचा, इथे सहावा दोनदा उचलला गेला आणि सातवा राहिला. म्हणजे ९७ ते ११२ गायब. रात्री साडेबारा वाजता हे कळल्यावर झोप कसली येतेय, सकाळी डबे भरताना पण डोक्यात तेच, पत्रात काय होतं?

पुढची वाचू शकले असते, पण नाही वाचली. नवी आवृत्ती कुठेच नव्हती, रद्दीवाले, फूटपाथ, ओळखीतली सगळी कपाटं धुंडाळून झाली. पुण्यात राहण्याचं सुख हे की अशा वेळी जायला जागा आहेत, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचं, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ चं. शेवटी एका मैत्रिणीच्या लायब्ररीच्या कार्डावर एक प्रत मिळाली, पण इतकी जीर्ण की झेरॉक्ससाठी उघडून दाबली असती तर पाठच सुटली असती. कागद आम्लयुक्त असला की असाच ठिसूळ होतो, कोपरा दुमडला तरी तुकडा हातात येतो.

मग ती १६ पानं मी हाताने उतरवून काढायची ठरवली. पहिल्या संध्याकाळी एकटीच बसले, एकदा पुस्तकात बघायचं एकदा वहीत, मान आखडली. सासूबाई बघत होत्या, म्हणाल्या, "दे इकडे, मी वाचते, तू लिही." चष्मा लावून अगदी शुद्धलेखन घालतात तसं वाचायला लागल्या, स्वल्पविराम, पूर्णविराम सगळं म्हणत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच साडेसहाला हाक मारली. तिसऱ्या दिवशी पत्र फुटायच्या पानाशी आलो आणि मी म्हटलं, "आई, जरा चहा ठेवू का?" तर म्हणतात, "चहा राहू दे गं, आधी बघू दे त्याने काय लिहिलंय!" आणि शुद्धलेखन वगैरे विसरून एकट्याच भराभरा मनात वाचत सुटल्या, मी पेन धरून समोर बसलेली. मला सांगेचनात! दोन पानं पुढे जाऊन, डोळे पुसून मग परत मागे आल्या, "हं, घे, लिही, पत्र उघडून तिने..."

लायब्ररीची प्रत परत द्यायला ८ दिवस उशीर झाला, कारण त्यांना पहिल्यापासून सगळी वाचायची होती. दंड त्यांनीच भरला, बटव्यातून काढून.

ती हातची पानं मी ९६ च्या पुढे दोऱ्याने शिवून टाकलीत. ११२ च्या खाली थोडी जागा उरली होती, तिथे सासूबाईंच्या अक्षरात आहे, 'वाचून दाखवले', खाली सही आणि तारीख.