चार सुरांतली पाकोळी

डिसेंबर लागला की मॉलमध्ये, जाहिरातींत, रील्सवर एक धून हमखास कानावर येते. ‘कॅरल ऑफ द बेल्स’. सरगमात मांडायची तर कोमल ग, रे, कोमल ग, सा. झालं. अख्खं गाणं याच चौकडीवर उभं आहे, आणि त्यातही सूर तीनच.

मूळ गाणं युक्रेनचं, ‘श्चेद्रिक’. त्यात ना घंटा, ना ख्रिसमस. एक पाकोळी उडत घरी येते आणि धन्याला हाका मारते: बाहेर ये, मेंढवाड्यात बघ, कोकरं झालीत, यंदा मापभर पैसा मिळणार. वर आणखी बायकोच्या काळ्याभोर भुवयांचं कौतुक! ऐन थंडीत पाकोळी आणि कोकरं कुठून आली? तर नवं वर्ष वसंतात सुरू व्हायचं, तेव्हापासूनची ही गाणी. पुढे ती जुन्या कॅलेंडरच्या वर्षअखेरीला, म्हणजे १३ जानेवारीच्या संध्याकाळी, दारोदार म्हटली जाऊ लागली. आपल्याकडे साधारण तेव्हाच भोगीची भाजी शिजत असते.

चाल लोकांची, तिचं कॉयरसाठी, म्हणजे गायकवृंदासाठी, गाणं केलं ते मिकोला लेओन्तोविच यांनी. पेशानं शिक्षक. १९१६ साली कीव विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी ते पहिल्यांदा गायलं. खरी करामत खालच्या आवाजांत आहे. सोप्रानो, म्हणजे बायकांचे उंच आवाज, ‘ग रे ग सा’ घोळवत राहतात आणि आल्टो, म्हणजे बायकांचे खालचे आवाज, खालून सा, कोमल नी, कोमल ध, प असे एकेका आवर्तनाला एकेक पायरी उतरतात. वरचे सूर तेच, पण दर पायरीला त्यांचा रंग पालटतो. मग पुरुषांचे आवाज मिसळतात. नुसती भर घालत जाणारे संगीत संयोजक पुष्कळ. एक गोष्ट न हलवता बाकी सगळं हलवायला वेगळी नजर लागते.

२३ जानेवारी १९२१ रोजी वडिलांच्या घरी, रात्री पाहुणा म्हणून उतरलेल्या सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या हस्तकानं लेओन्तोविच यांना गोळी घातली. पुढच्याच वर्षी, ५ ऑक्टोबरला, युक्रेनी कॉयरनं हे गाणं न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये म्हटलं. घंटांचे इंग्रजी शब्द पीटर विल्हाउस्की यांचे, १९३६ सालचे.

गायला सोपं वाटतं, तिथेच फसगत. मोजायला सहा मात्रा घ्या: ग दोन, रे एक, ग एक, सा दोन. दादरा तालात मुरलेला गळा चौथ्या मात्रेवर, म्हणजे दुसऱ्या गवर, आपसूक झोक देतो. इथे विभागणी तीन-तीन नाही, दोन-दोन-दोन आहे. वजन पहिल्या गवर हवं, दुसरा ग हलकाच निसटला पाहिजे. झोक चुकला की लय धावते. दुसरं दुखणं रेचं. ग ते रे अर्ध्या स्वराचं अंतर. दर खेपेला ते केसभर जास्त उतरलं की चार पानांनंतर अख्खा कॉयर खालच्या पट्टीत. म्हणून रे चढाच धरायचा. श्वास आवर्तनाच्या शेवटी सगळ्यांनी मिळून घेतला तर धाग्याला भोक पडतं; शेजाऱ्याशी ठरवून, आळीपाळीनं, आवर्तनाच्या मधेच घ्यावा. सुरुवात अगदी हळू आवाजात करावी, कारण ऐन भरात सोप्रानो वर चढतात तेव्हा आवाज वाढवायला जागा शिल्लक लागते. आणि पट्टी टिकली की नाही हे शेवटच्या सावर पियानोची पट्टी दाबून बघावं. तालमीत, कार्यक्रमात नव्हे.