बंदरात चालतो, बाहेर मरतो

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मी सोळा वर्षं बोटींवरचे जीपीएस, फिशफाईंडर, वायरलेस सेट दुरुस्त करतोय. ३१ जुलैपर्यंत मासेमारीबंदी. तोवर सेटवरचं प्लास्टिक कुणी काढत नाही, आणि १ ऑगस्ट उजाडला की सगळ्यांचे सेट एकदम बिघडतात.

त्या वर्षी एका ट्रॉलरच्या नाखव्याचा, म्हणजे मालकाचा, पंधरा दिवसांत तिसरा फोन आला. जीपीएसची तक्रार तीच. "बंदरात चालतो, बाहेर गेलं की मरतो." पहिल्यांदा मी कनेक्टर साफ करून दिला होता, दुसऱ्यांदा अँटेनाच बदलला होता. पैसेही घेतले होते. तिसऱ्यांदा नाखवा ओरडला नाही, तेच जास्त लागलं. "तळाशी जाळं अडकतं तो पॉइंट दिसला नाही, जाळं फाटलं. आता तूच ये बोटीवर."

पहाटे चारला निघालो. बोट चालवणारा तांडेल आणि सहा खलाशी, त्यातले चार नेपाळचे. प्लॉटरवर, म्हणजे जीपीएसच्या नकाशाच्या स्क्रीनवर, मी उपग्रहांचं पान उघडून ठेवलं होतं. अकरा उपग्रह, प्रत्येकाच्या सिग्नलच्या ताकदीची एक अशा अकरा दांड्या, बहुतेक चाळिशीच्या आसपास. भगवती बंदराचा दीपस्तंभ मागे पडला तरी दांड्या जागच्या हलल्या नाहीत. दवाखान्याच्या पायरीवर दाढ दुखायची थांबते, तसा हा सेट आज मला खोटं पाडणार असं वाटायला लागलं.

दहा-बारा मैलांवर फोनची रेंज गेली. थोड्याच वेळात दांड्या खचायला लागल्या. पस्तीस, वीस, मग एकेक करत सगळ्या राखाडी. स्क्रीनवरची बोट होती तिथेच थिजली आणि अलार्म कोकलायला लागला. तांडेलाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि होकायंत्रावर नजर लावून सुकाणू धरलं.

मी खिशातला मोबाइल काढून लोकेशन लावलं. तेही नुसतं चाचपडत राहिलं. तेव्हा माझी ट्यूब पेटली. माझा फोन वेगळा, त्याची बॅटरी वेगळी, अँटेना त्याच्या पोटातला. दोघं एकाच वेळी आंधळे होतात, म्हणजे सेटमध्ये दोष नाहीच. कुणीतरी दोघांच्याही डोळ्यांवर टॉर्च मारतंय.

पॅनलवरचे स्विच एकेक करून पाडले. फिशफाईंडर, वायरलेस, दिवे. काही फरक नाही. मग पॅनलवर नसलेलं काय आहे ते शोधायला लागलो. बॅटरीच्या खोक्यातून एक लाल-काळी वायर फळीच्या फटीतून वर गेली होती. तिच्या मागोमाग गेलो तर खलाशांच्या झोपायच्या जागेमागे टेपने चिकटवलेला पत्र्याचा डबा, त्यावर हिरवा दिवा. मोबाइलची रेंज वाढवणारा बूस्टर. त्याचा बाहेरचा अँटेना जीपीएसच्या अँटेनापासून हातभर अंतरावर, त्याच पाइपाला बांधलेला. अँटेना बदलताना मी तो पाहिला होता. टीव्हीचा असेल म्हणून सोडून दिला होता.

बंदरात रेंज असते, म्हणून तिथे डबा बंद. रेंज गेली की चालू.

वायर ओढली. वीसेक सेकंद काहीच नाही. मग एक दांडी उगवली, मग तीन, मग स्क्रीनवरची बोट उडी मारून खऱ्या जागी आली. पुन्हा जोडली, पुन्हा मेला. तीनदा करून खात्री केली.

उपग्रह वीस हजार किलोमीटरवर; त्यांचा आवाज इथे पोचेपर्यंत कुजबुजीएवढाही उरत नाही. बूस्टरचे दोन अँटेना, बाहेरचा आणि आतला, किमान एकमेकांपासून लांब तरी हवेत. ट्रॉलरवर तेवढी जागा कुठली? माइक भोंग्यासमोर धरला की मंडपात जी किंकाळी उठते, तीच इथे रेडिओलहरींत उठते, फक्त कानाला ऐकू येत नाही. नको त्या लहरी अडवणाऱ्या गाळण्या स्वस्तातल्या डब्यात नावापुरत्याच.

अमेरिकेत हेच भांडण टॉवरांवरून झालं होतं. जीपीएसची लहर १५७५.४२ मेगाहर्ट्झवर. तिच्या शेजारच्याच, उपग्रहांसाठी राखलेल्या पट्ट्यात लाइटस्क्वेअर्ड या कंपनीला जमिनीवर चाळीस हजार टॉवर उभारून ४जी ब्रॉडबँड द्यायचं होतं. जानेवारी २०११ मध्ये सशर्त परवानगीही मिळाली. चाचण्यांत जीपीएस सेट गुदमरायला लागले तेव्हा शेतकरी, विमानवाले आणि बोटवाले सगळेच उठले. फेब्रुवारी २०१२ मध्ये परवानगी मागे घ्यायचं ठरलं आणि मे महिन्यात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तिथे निदान कुणाच्या टॉवरवरून भांडायचं ते माहीत होतं. इथे टॉवर आमच्याच बोटीत, टेपने चिकटवलेला.

"कुणी आणला हा?" मी विचारलं. नेपाळचा धाकटा पोरगा म्हणाला, "घर पे बात हो जाती है, भाई." बाकीचे तांडेलाकडे बघायला लागले. तांडेल समुद्राकडे.

संध्याकाळी धक्क्यावर नाखव्याला डबा दाखवला. त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही. निम्मे पैसे त्यानेच दिले होते. "पोरं टिकत नाहीत रे. नेट असलेल्या बोटीवर जातात." मग जरा थांबून, "मागे, नाळेवर लावला तर?"

"नाळ पुढे असते, नाखवा."

"तेच ते."

परवान्याशिवाय असा बूस्टर बसवणं गुन्हा आहे, हेही सांगितलं. त्याने मान हलवली. डबा काढला की जागा बदलली, ते मी पुढे विचारलं नाही. एवढं खरं की त्या बोटीवरून जीपीएसची तक्रार परत आली नाही.

त्याचा जुना अँटेना माझ्या दुकानात भंगाराच्या टोपलीत पडला होता. रात्री काढून लावून बघितला. ठणठणीत. दुसऱ्या दिवशी नव्या अँटेनाचे पैसे परत द्यायला गेलो तर त्याने ते मोजून घेतले, दोनदा.