परदेशात गाऊनच्या चुण्या काढताना

परदेशी राहायला लागलं की इस्त्रीचं खातं आपल्याच गळ्यात पडतं. रोजचे कपडे कसेही निभतात. पंचाईत होते ती समारंभासाठी बॅगेत कोंबून आणलेल्या सॅटिनच्या नाहीतर शिफॉनच्या गाऊनची. इकडे यायला निघालेल्या मैत्रिणी हमखास विचारतात, "अगं, चुण्या कशा काढतेस?" फोनवर सांगून पुरत नाही, म्हणून इथेच सविस्तर लिहिते.

इस्त्री तापवण्याआधी आतल्या शिवणीतलं लेबल वाचा. इस्त्रीच्या चित्रात एक ठिपका असेल तर साधारण ११० अंश सेल्सिअस, दोन असतील तर १५०, तीन असतील तर २००. इस्त्रीच्या चित्राखालच्या वाफेच्या रेघांवरच फुली असेल तर वाफ नको, आणि अख्ख्या इस्त्रीवर असेल तर इस्त्रीच नको. चिन्हं बऱ्याच देशांत सारखीच असतात. जपानची मात्र वेगळी होती. तिथे डिसेंबर २०१६ पासून आंतरराष्ट्रीय धर्तीची आली. त्याआधीचा जपानी ड्रेस हाती आला तर चित्रं अनोळखी दिसतील. लेबल कापून टाकलेलं असेल तर सगळ्यात कमी आचेपासून सुरुवात करायची, तीही आतल्या काठावर.

चुणी जाते कशी, हे कळलं की बाकीचं सोपं होतं. रेशीम, व्हिस्कोस, सुती कापड यांच्या धाग्यातले रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात. ओल लागली की हे बंध सुटतात आणि कापड ज्या आकारात वाळेल त्या आकारात पुन्हा जुळतात. पॉलिएस्टर पाणी फारसं पीत नाही, पण साधारण ७०-८० अंशांच्या पुढे ते नरम पडतं आणि थंड होताना जसं असेल तसं बसतं. म्हणजे दोन्हीकडे खरा निकाल लागतो तो कापड वाळताना आणि निवताना. ड्रेस गरम असतानाच अंगात चढवून खुर्चीत बसलं, की नवीन चुण्या आपण स्वतःच पक्क्या करतो, आणि त्या आधीच्यांपेक्षा हट्टी निघतात. त्यामुळे वाफ देऊन झाली की ड्रेस हँगरवर मोकळा सोडायचा, निदान अर्धा तास. बाहेर पडायच्या वेळेतून हा अर्धा तास आधीच बाजूला काढून ठेवायचा.

तलम कापडाला माझी पहिली पसंती हातातल्या स्टीमरलाच. पण सुरू केल्या केल्या तो ड्रेसवर धरू नका. सुरुवातीला तो पाणी थुंकतो, आणि रेशमी सॅटिनवर एक थेंब पडला की कडा असलेला गोल डाग उठतो. आधी जुन्या टॉवेलवर चालवून बघायचा, थुंकणं थांबून नुसती वाफ यायला लागली की मगच गाऊनजवळ न्यायचा. गाऊन उलटा करून टांगायचा आणि अस्तरापासून सुरुवात करायची, कारण अस्तर चुरगळलेलं असलं तर वरचं कापड कितीही सरळ करा, ते पुन्हा ओढलं जातं. दुसऱ्या हाताने खालचा काठ हलका ताणून धरायचा आणि स्टीमरचं तोंड कापडाला न टेकवता बोटभर लांबून फिरवायचं. वाफेपासून हात मात्र दूर ठेवा. शिफॉन, जॉर्जेट यांना एवढं पुरतं. टाफेटावर, म्हणजे त्या कडक, सळसळत्या कापडावर, पाण्याचे डाग फार लवकर पडतात, तिथे कोरडी, मंद इस्त्रीच बरी.

इस्त्री करावीच लागली तर उलट बाजूने, मध्ये पांढरं मलमलचं फडकं घालून. आणि ती फिरवायची नाही. ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. तिरक्या कापाचा (कापडाच्या धाग्यांना तिरकं कापून शिवलेला) गाऊन इस्त्री घासून ओढला की घेर वाकडा होतो, मग तो कुणाच्या बापाला सरळ होत नाही. अ‍ॅसिटेट सगळ्यात नाजूक. बऱ्याच गाऊनचं अस्तर त्याचंच असतं, आणि जरा जास्त आचेने ते चकाकतं, चिकटतं. (नेलपॉलिश काढायच्या द्रवात अ‍ॅसिटोन असेल तर तो त्याला चक्क विरघळवतो, तयार होताना ती बाटली लांबच ठेवलेली बरी.) मखमलीवर इस्त्री टेकवली की लव बसलीच म्हणून समजा. तिला मागून वाफ द्यायची आणि मऊ ब्रशने लव उभी करायची. टिकल्या प्लॅस्टिकच्या असतात, गरम वाफेने वळतात. चिकटवलेले मणी सुटून येतात. अशा भागाच्या फक्त आजूबाजूला काम करायचं.

न्हाणीघरात गरम शॉवर सोडून ड्रेस टांगायचा उपाय सगळे सांगतात. दार बंद, पंखा बंद, पंधरा-वीस मिनिटं. हलक्या चुण्या जातात, बॅगेतली पक्की घडी जात नाही. व्हिनेगर-पाण्याच्या फवाऱ्याचं कौतुकही बरंच ऐकते, पण रेशमावर मी तो मारणार नाही.

आता विजेचं. हे कुणी सांगत नाही आणि परदेशात नेमकं तेच नडतं. पिनेचा अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. २३० व्होल्टचा स्टीमर अमेरिकेतल्या १२० व्होल्टवर लावला तर त्याला जेमतेम पाव शक्ती मिळते. वाफ धड होत नाही, नुसतं कोमट पाणी गळतं, तेही गाऊनवर. उलट १२० व्होल्टचा २३० वर लावला तर साडेतीनपटीहून जास्त शक्ती खेचून जळतो. जपानमध्ये तर १०० व्होल्ट. त्यामुळे यंत्राच्या तळाशी १००-२४० लिहिलंय का ते बघून घ्या. काहींवर बारीक सरकतं बटण असतं, ते देशागणिक हाताने बदलावं लागतं. हॉटेलची इस्त्री वापरणार असाल तर आधी ओल्या टॉवेलवर घासून घ्या. तळाला कुणाच्या तरी शर्टाचा जळका थर असतो आणि तो तुमच्या फिकट गाऊनचीच वाट बघत असतो.

बॅग भरताना घड्यांच्या मध्ये टिश्यू पेपरच्या गुंडाळ्या घातल्या, गाऊन सगळ्यात वर ठेवला आणि पोचल्या पोचल्या टांगला, तर निम्मं काम वाचतं. गाडीत बसताना घेर मागून पुढे पसरून घ्या. सीटबेल्टची पोटावरची तिरकी घडी मात्र पडतेच, अंगाच्या ऊबेने आणि घामाने ती बसतेही छान. तिच्यावर मला अजून तरी स्टोलपेक्षा चांगला इलाज सापडलेला नाही.