गॅलरीतले सहा खांब

आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर, आमच्या दारापासून जिन्यापर्यंत, गॅलरीला सहा खांब आहेत. लग्न होऊन गिरगावात आले त्याला एकोणीस वर्षं झाली, पण ते मी कधी मोजले नव्हते. गेल्या नोव्हेंबरात मोजले. सकाळी दूध आणायला निघाले की उजवी टाच टेकवत नसे. कठड्याला धरून लंगडत सहाव्या खांबाशी पोचायचे, तोवर पाय जरा सैल व्हायचा.

सैल व्हायचा, म्हणूनच मी फसले. धावायला लागल्यावर पहिल्या किलोमीटरनंतर दुखणं नाहीसं व्हायचं. चौपाटीपासून नरिमन पॉइंट आणि परत, साधारण सात किलोमीटर, छान जायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा खांब.

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनला अर्ध्या अंतरासाठी, म्हणजे २१ किलोमीटरसाठी, मी नाव दिलं होतं. पावसाळ्यात शाळेच्या कामात सराव बुडाला होता. तो दिवाळीच्या सुट्टीत भरून काढायचा म्हणून आठवड्याचे २५ किलोमीटर एकदम ४० वर नेले. पेडर रोडच्या चढाची धास्ती होती, तेव्हा आठवड्यातून दोनदा वाळकेश्वरचा चढही सुरू केला. चढावर सगळा ताण पोटरीवर आणि तिच्याखालच्या जाड शिरेवर येतो. आपण शीर म्हणतो, पण ती कंडरा. डॉक्टर तिला अकिलीस टेंडन म्हणतात. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारी, शरीरातली सगळ्यात जाड आणि मजबूत कंडरा. धावताना दर पावलाला तिच्यावर आपल्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. दम काही आठवड्यांत वाढतो. कंडरेला स्नायूंइतका रक्तपुरवठा नसतो, ती सावकाश घडते. माझा दम पुढे गेला आणि कंडरा मागे राहिली.

सासूबाईंनी आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून रोज रात्री लेप लावला. त्या पाय मांडीवर घेऊन बसायच्या, तेवढा वेळ खरंच बरं वाटायचं. ज्या डॉक्टरांना आधी दाखवलं, त्यांनी सहा आठवडे पूर्ण विश्रांती सांगितली. मी ती काटेकोर पाळली. डिसेंबरअखेर खांब शून्यावर आले. मग एका सकाळी जेमतेम तीन किलोमीटर धावले, आणि दुसऱ्या दिवशी सहाव्या खांबापुढे, जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत लंगडत होते. त्या पायरीवर बसून खूप रडले. सहा आठवडे धावले नाही याचं दुःख नव्हतं. सांगितलेलं सगळं करूनही काही उपयोग झाला नाही, हे सोसवत नव्हतं.

मॅरेथॉनच्या दिवशी मला रस्त्यावर जायचंच नव्हतं. नवऱ्याने आदल्या रात्री दोन डझन संत्री आणून ठेवली होती. म्हणाला, "तू ये किंवा नको येऊस, मी जाणार आहे." मग गेले. संक्रांत नुकतीच झाली होती, घरच्या तिळाच्या वड्या डब्यात घेतल्या. चौपाटीपाशी उभे राहिलो. धावणारी माणसं पेडर रोड उतरून येतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका असते ती मला ओळखीची आहे, आणि ती बघताना पोटात तुटत होतं. माझ्या बरोबरीने सराव करणारी मैत्रीण आली, क्षणभर थांबली, वडी घेतली, माझा हात घट्ट दाबला आणि गेली. मला तिचा हेवा वाटला. जिच्याबरोबर पहाटे पाच वाजता अंधारात इतके किलोमीटर काढले तिचा हेवा वाटणं मला आवडलं नाही, पण वाटला.

पुढच्याच आठवड्यात दादरच्या एका फिजिओथेरपिस्टबाईंकडे गेले. त्यांनी टाचेच्या वर चिमटीत धरून बघितलं. हाडापासून चार-पाच सेंटीमीटरवर कंडरा जाड झाली होती. ही नुसती सूज नाही, म्हणाल्या, आतल्या तंतूंची वीण विस्कटली आहे. विश्रांतीने दुखणं शमतं, पण कंडरा आणखी कमजोर होते; तिला पुन्हा नीट बांधायचं तर हिशेबाने ओझं द्यावं लागतं. स्वीडनच्या हाकान अल्फ्रेडसन या शल्यचिकित्सकाने १९९८ मध्ये १५ हौशी धावपटूंवर केलेला प्रयोग त्यांनी समजावून सांगितला. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, चांगल्या पायाने वर जायचं आणि दुखऱ्या पायाची टाच एकटीच, हळूहळू, पायरीच्या खाली सोडायची. गुडघा सरळ ठेवून १५ वेळा, असं तीनदा. मग गुडघा थोडा वाकवून तेवढंच. सकाळ-संध्याकाळ, १२ आठवडे, एकही दिवस न चुकवता. ते पंधराही जण १२ आठवड्यांनी धावायला लागले होते. "सगळ्यांना इतकं यश येतं असं नाही," हेही बाईंनी लगेच सांगितलं, आणि त्याच क्षणी माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

दिवसाला १८० वेळा. आमच्या चाळीचा जिना लाकडी, पायऱ्यांच्या कडा घासून गोल झालेल्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावरची एकच पायरी धड, ती माझी झाली. सकाळी साडेपाचला तिथे मी एकटी. संध्याकाळी मात्र येणारी-जाणारी माणसं, क्लासला निघालेली मुलं. शेजारचे आजोबा खुर्ची टाकून बसायचे आणि मोठ्याने आकडे मोजायचे. मी तेराला थांबले तर "अजून दोन आहेत गं" म्हणायचे. दुखणं चालेल, असं बाईंनी सांगितलं होतं. दहापैकी पाचापर्यंत, आणि दुसऱ्या सकाळी वाढलेलं नसलं तर. ज्या दुखण्याला मी दोन महिने भीत होते, त्याच्याकडे रोज आपल्या पायाने जायचं, हे मला फार कठीण गेलं. चौथ्या आठवड्यापासून पाठीला सॅक, सॅकमध्ये तांदूळ. आधी दोन किलो, शेवटी आठ.

पाचव्या आठवड्यात खांब चारवर आले. सातव्या आठवड्यात चर्नी रोडला गाडी सुटताना बघितली आणि पुलाच्या पायऱ्या धावत उतरले. विचार करायच्या आत पाय निघाले होते. पुन्हा सहा. त्या संध्याकाळी जिन्यावर जायचं नाही असं ठरवून झोपून राहिले. साडेसातला दारात आजोबा. काही विचारलं नाही, नुसते उभे राहिले. मी गेले. तांदूळ न घेता गेले, पण गेले. दहाव्यात दोन खांब. बाराव्या आठवड्यानंतर एका सकाळी दूध घेऊन परत आले, पातेलं गॅसवर ठेवलं, आणि तेव्हा लक्षात आलं की आज मोजायचं राहिलं.

एप्रिलअखेर बाईंनी धावायची परवानगी दिली. एक मिनिट धावायचं, चार मिनिटं चालायचं, असं पाच वेळा, एक दिवसाआड. ते पहिलं मिनिट मरीन ड्राइव्हवर, तारापोरवाला मत्स्यालयासमोर. इतक्या उन्हाळ्याच्या सकाळी समुद्रावरून वाराही नव्हता. मिनिट संपलं तेव्हा थांबायला जे बळ लागलं, तेवढं मला आजवर धावायला कधी लागलं नव्हतं.

आता जुलै आहे. भरतीच्या लाटा कठड्यावरून आत येतात, तेव्हा वेळापत्रक बघून निघते. सहा मिनिटं धावते, दोन मिनिटं चालते. चढाला अजून हात लावलेला नाही. जानेवारीला नाव द्यायचं की नाही, ते ठरलेलं नाही. मैत्रीण दर रविवारी विचारते आणि मी दर रविवारी "बघू" म्हणते. पायरी आठवड्यातून तीनदा चालूच आहे. आजोबांचा मोतीबिंदू काढला आहे, त्यामुळे या आठवड्यात मोजणी मीच करते, मोठ्याने, त्यांना खोलीत ऐकू जाईल अशी.