हशा नसलेल्या गप्पा

मार्च २०२०मध्ये करोनामुळे न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम रद्द झाला. हॉलचे पैसे अडकले ते अडकलेच. पण ठरलेली प्रकट मुलाखत ऑनलाइन घ्यायची जबाबदारी माझ्यावर आली. शिकवणी लावली ती अमेरिकन लेट-नाइट शोजची, म्हणजे टीव्हीवरच्या रात्री उशिराच्या विनोदी गप्पांच्या कार्यक्रमांची.

१२ मार्चला त्यातल्या एका शोचा सूत्रधार स्टीफन कोल्बेर यानं न्यूयॉर्कच्या एड सुलिव्हन थिएटरात प्रेक्षकांशिवाय शो केला. चारच दिवसांनी गडी घरच्या बाथटबमध्ये, फेसात, चक्क सूट घालून! जिमी फॅलनकडे कॅमेऱ्यामागे बायको आणि मध्येच लुडबुडणाऱ्या मुली. कोनन ओब्रायन तर आयफोनवर शूट करत होता. मग मीही पिठाचे डबे एकावर एक रचून फोन डोळ्यांच्या उंचीला आणला.

खरा घाम काढला आवाजानं. झूमवर दोघं एकदम बोलले की एकाचं वाक्य गायब. म्हणून झूम फक्त एकमेकांना दिसण्यापुरतं ठेवलं आणि दोघांनी आपापला आवाज स्वतःच्या दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड केला. सुरुवातीला एक टाळी वाजवायची, म्हणजे एडिटिंगला दोन्ही ट्रॅक जुळवता येतात. फ्रिज बंद, पंखा बंद. पाहुण्या पुण्यातल्या, सत्तरी ओलांडलेल्या नाट्यकलावंत. माझी सकाळ, त्यांची एप्रिलातली संध्याकाळ. पंख्याचं सांगताना मला संकोच वाटत होता. "अहो, आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये तालमी केल्यात, बंद म्हणजे बंद," त्या म्हणाल्या.

त्यांची अडचण वेगळीच होती. विनोद झाला की त्या सवयीनं थांबायच्या, आणि पलीकडून हशाच नाही! पोटमाळ्यावरून शो करणारा सेथ मायर्स हशासाठी थांबेनासा झाला होता. भिंतीवरच्या दर्यावर्दी कप्तानाच्या चित्राशी गप्पा मारायचा. पण रंगभूमीवर आयुष्य गेलेल्या बाईंना न थांबता बोला, असं कोण सांगणार? शेवटी फाइल अपलोड करायला थांबलेल्या नातवाला फोनमागे बसवलं. तो खुदकन हसला आणि बाई खुलल्या. त्याचं हसू ट्रॅकमध्ये आलं, ते मी कापलं नाही. ऑगस्टमध्ये कोल्बेर थिएटरच्या इमारतीतल्या छोट्या सेटवर परतला, तेव्हा हसायला त्याची बायको एव्ही समोर होतीच.

त्या थिएटरात भरगच्च प्रेक्षक जून २०२१मध्ये आले. आमचा हॉल त्यानंतर उघडला, तरी मी पाहुण्यांचा आवाज अजून वेगळ्या फोनवर घेते. हॉलच्या माइकवर माझा भरवसा नाही.