तुम्ही विचारलंत म्हणून: घोडा कुणाचा होता?

लग्नात, बँकेत, एकदा तर मांडव्याला लाँचची वाट बघताना. सगळ्यांचं एकच, 'खरं सांग, घोडा कुणाच्या पैशाचा ते तुला माहीत नव्हतं?' बंधाऱ्याच्या कामासाठी ठेकेदारानं बाबांना लाच म्हणून माझा घोडा घेऊन दिला असा आरोप, मग टीव्हीवाले, हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, ते परत उगाळत नाही.

आधी एक. ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या हालचाली करून घ्यायच्या माझ्या खेळात, घोडा विकत घेतला की मार्क फुकट येत नाहीत. ६० बाय २० मीटरचं मैदान, प्रत्येक हालचालीला ० ते १० मार्क, घोड्यानं एक पाऊल चुकवलं तरी जजला दिसतं. पाच वर्षं पहाटे साडेचारला उठलेय मी. आता हेही खरं की तो घोडा नसता तर साडेचारला उठूनही मी तालुक्याबाहेर गेले नसते.

कोरियाची घोडेस्वार चुंग यू-रा हिची बातमी तर मला इतक्यांनी फॉरवर्ड केलीय! २०१४ च्या इंचॉन एशियाडला टीम गोल्ड, आई तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांची मैत्रीण, आणि गोल्डनंतर आलेले घोडे सॅमसंगच्या पैशाचे. (माझं गोल्ड वगैरे काही नाही, तेवढं तरी लक्षात ठेवा.) आमचे वकील म्हणतात, घोड्याच्या पासपोर्टवर, म्हणजे त्याच्या ओळखीच्या कागदावर, मालक म्हणून नाव ठेकेदाराच्या मेव्हण्याचं, म्हणजे घोडा त्याचा, विषय संपला. तिथेही घोडे कागदावर कंपनीचेच होते, तरी २०१९ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं तिन्ही घोडे लाचच धरले. हे मी वकिलांना सांगितलं तर म्हणाले, ताई, कोरियाचं कोरियात.

पंचनाम्याचा दिवस मात्र कुणी विचारत नाही. श्रावणातला पाऊस, वाडीतल्या सुपाऱ्या नुसत्या गळत होत्या, आणि पोलीस साहेब तबेल्यात छत्री धरून उभे. घोड्याचं वर्णन कसं लिहायचं ते कुणालाच येईना. पंच म्हणून आणलेले घोडागाडीवाले काका, ओहोटीला टुरिस्टना कुलाबा किल्ल्यावर नेतात ते, लहानपणी मला पहिल्यांदा घोड्यावर त्यांनीच बसवलेलं. ते म्हणाले, रंग कुमैत लिहा साहेब, कपाळावर चांदणी. माझ्याकडे बघितलंच नाही त्यांनी. घोडा आपला साहेबांच्या खिशाला नाक लावून गूळ शोधतोय. मग साहेबांनी स्पर्धांच्या फॉर्मची फाइल उघडली, मालकाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, 'हे अक्षर कुणाचं?'

माझं. प्रत्येक फॉर्मवर माझंच. ठेकेदाराच्या त्या मेव्हण्याला मी जन्मात भेटले नव्हते, त्याचं नाव मात्र स्पेलिंगसकट पाठ होतं.

तेव्हा सतरा वर्षांची होते, बाबांना काय विचारणार, असं मी बरीच वर्षं म्हणत आले. पण सतराव्या वर्षी सॅडल चावतंय म्हणून मी बाबांशी दोन दिवस भांडले होते आणि नवीन आणवलं होतं, म्हणजे तोंड होतं मला. आणि समजा विचारलं असतं, तर? बाबा काहीतरी सांगते, मी मान्य करते. मला तो घोडा हवा होता ना.

पोलिसांकडे घोडा ठेवायला जागा नाही, म्हणून ताबा पावतीवर सही घेऊन मुद्देमाल माझ्याच ताब्यात दिला. चारा-खुराक माझा, दमट हवेनं खूर कुजतात ते साफ करणं माझं. बसायचं की नाही ते पावतीत लिहिलेलं नाही, मी बसत नाही. एकदा बसले, किनाऱ्यावर, अंधारात.

पुढच्या महिन्यात तारीख आहे. मालक कोण असं विचारलं तर कागद बघून सांगायचं, असं वकिलांशी ठरलंय.